वाचक विचारतात : सात माणसे, एक गाडी आणि थीम पार्कचे सामान

प्रश्न : आम्ही गुहागरजवळच्या एका वाडीत राहतो. आंब्याची शेवटची पेटी रवाना झाली, की मेच्या अखेरच्या आठवड्यात घरातील सात जणांनी खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचे ठरले आहे. आम्ही दोघे, सासूबाई, सासरे, धाकटे दीर आणि ११ व ४ वर्षांची दोन मुले. भाड्याची सात आसनी गाडी सांगून ठेवली आहे. पहिल्या दिवशी पालीला मुक्काम आणि बल्लाळेश्वराचे दर्शन, दुसरा दिवस थीम पार्क, रात्री पुन्हा पालीलाच मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी परत, असा बेत आहे. मी प्रत्येकाची वेगळी बॅग भरायला घेतली, तर सहा बॅगा झाल्या. गाडीवाले म्हणतात, मागे दोनच मावतील आणि टपाला कॅरिअर नाही. काय न्यावे आणि काय मागे ठेवावे?
एक गृहिणी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, गाडीवाल्यांचे म्हणणे खरे आहे. सात आसनी गाडीत मागची रांग उघडून माणसे बसली, की डिकीत जेमतेम दोन मध्यम बॅगा आणि एखादी पिशवी एवढीच जागा उरते. राहिलेले सामान मग मुलांच्या पायांखाली जाते आणि कशेडीपर्यंत पोहोचण्याआधीच भांडणे सुरू होतात. परंतु आपली खरी अडचण बॅगांच्या संख्येची नसून त्या माणशी एक या हिशेबाने भरण्याची आहे, असे मला वाटते. बॅग वेळेच्या हिशेबाने भरावी. जी वस्तू ज्या वेळी लागणार, त्या वेळी जी बॅग उघडणार, तीत ती वस्तू जावी. हा धडा मी स्वतः अशाच एका सहलीत घेतला. कोरडे कपडे, टॉवेल, औषधे असे सगळे एकाच मोठ्या बॅगेत नीट घड्या घालून भरले होते आणि संध्याकाळी वाहनतळावर, कुडकुडणाऱ्या मुलासाठी तळाचा एक टॉवेल काढताना अख्ख्या घराचे कपडे गाडीच्या बॉनेटवर मांडावे लागले होते.

आपल्या बेतात तीन वेळा आहेत : प्रवास, मुक्काम आणि पार्कमधला दिवस. मुक्कामाची एकच मोठी बॅग डिकीत तळाशी ठेवावी आणि ती फक्त पालीच्या खोलीत उघडावी. हिच्यात प्रत्येकाचा रात्रीचा एक जोड, दर्शनाचा एक जोड आणि परतीचा एक जोड यांपलीकडे काही नको. दर्शनाचे आणि परतीचे कपडे एकच ठेवले तर आणखी जागा वाचते. सासूबाईंची नऊवारी असेल तर एक अंगावर आणि एक बॅगेत पुरे. एका माणसाचा एक दिवसाचा संच, म्हणजे वरचा कपडा, खालचा कपडा, आतले कपडे, एकत्र गुंडाळी करून एका पातळ पिशवीत घालावा. मुक्कामावर मग कोणी कोणाची बॅग उपसत बसत नाही. गुंडाळी उचलायची आणि मोरीत जायचे. आपल्याकडे मेच्या अखेरीस हवा किती दमट असते ते मी सांगायला नको. वरवर वाळलेला कपडा बॅगेत दोन दिवस कोंबला, की कुबट वास मारतो. म्हणून न्यायचे कपडे आदल्या दिवशी कडक उन्हात किंवा इस्त्रीखाली पूर्ण सुकवूनच भरावेत.

दुसरी बॅग म्हणजे पार्कची पाठीवरची सॅक, आणि खरा विचार हिचाच करावा लागतो. प्रवेशद्वारावर सामान तपासले जाते आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. मोठ्या थीम पार्कांत हा नियम सर्वत्र आढळतो. तान्ह्या बाळाचे अन्न आणि औषधे यांना सहसा मुभा असते. आत गेल्यावर सॅक भाड्याच्या लॉकरमध्ये ठेवता येते, पण मोठ्या खेळांवर चढताना पाठीवर सॅक, हातात मोबाइल किंवा पायांत सैल चप्पल चालत नाही. तेव्हा सॅकमध्ये एवढेच असावे : दोन्ही मुलांचा प्रत्येकी एक सुका जोड, दोन पातळ पंचे (जाड टर्किश टॉवेल घरीच राहू द्यावेत, ते भिजले की दगडासारखे जड होतात), टोप्या, सासू-सासऱ्यांची दिवसभराची औषधे, खरचटल्यावर लावायचे मलम आणि चिकटपट्ट्या, क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या, मोबाइलची पॉवर बँक आणि झिप असलेल्या दोन-तीन जाड प्लॅस्टिक पिशव्या.

सुका जोड कशाला, वॉटर पार्कचे तिकीट तर आपण काढलेलेच नाही, असे कदाचित आपण म्हणाल. इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि त्याच आवारातील वॉटर पार्कचे तिकीट वेगळे असते, हे खरे. एका दिवसात दोन्ही करू नयेत, हे माझेही मत आहे. पण थीम पार्कातही ‘राजासॉरस’ नावाचा होडीचा खेळ आहे आणि त्यात माणूस चांगलाच भिजतो. आपल्या मुलांना डायनासोरचे वेड असेल तर त्यांना जाता जाता हेही सांगावे, की राजासॉरस हे नाव मनाने रचलेले नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून शास्त्रज्ञांनी २००३ साली या प्राण्याला ते दिले. तो खेळ शक्यतो दुपारी, ऊन असताना घ्यावा, म्हणजे अंगावरचे कपडे अंगावरच वाळतात.

तिसरी पिशवी प्रवासाची. ती पुढच्या आसनापाशी, हाताशी असावी. हिच्यात खाणे, पाणी, गाडी लागणाऱ्यांच्या गोळ्या, ओकारीसाठी कागदी पिशव्या आणि एक ओला रुमाल. उलटी न होण्याची गोळी गाडी सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास द्यावी लागते. वळणे सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुधा बाहेरच येते. ४ वर्षांच्या मुलाला ती द्यायची का आणि किती, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाची बरीच वळणे वाचली आहेत. मुंबई-गोवा महामार्गाने येताना पनवेलपर्यंत जाण्याचे कारण नाही. वाकण फाट्याला वळले की पाली आणि तसेच पुढे खोपोलीच्या वाटेवर इमॅजिका लागते.

खाण्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण आपल्याकडच्या बॅगा खाण्यानेच फुगतात. घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी हा डबा पहिल्या दिवशी सकाळीच संपवावा; मेच्या उष्म्यात ती चटणी दुपारपर्यंतही धड राहत नाही. त्यानंतरसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी, आंबापोळी आणि फणसपोळी न्यावी. पोळ्यांचा चुरा सांडत नाही, हात चिकट होत नाहीत आणि जागाही अगदी थोडी लागते. पार्कच्या दिवशी सकाळी वाहनतळावरच पोटभर न्याहारी करून मग आत जावे. उरलेला डबा उन्हात बंद गाडीत ठेवून संध्याकाळी मुलांना देऊ नये. आणि एक विनंती : वाटेत कोणा नातलगांना द्यायची म्हणून आंब्याची पेटी किंवा नारळाचे पोते या गाडीत चढवू नये. ‘एवढी एक पिशवी मावेल’ असे म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात; त्यांना ती पिशवी मांडीवर घेऊन बसायला सांगावे.

आता सासूबाई-सासऱ्यांविषयी थोडे. ते मोठ्या खेळांवर चढणार नाहीत, हे गृहीत धरून बहुतेक कुटुंबे त्यांना सावलीतल्या बाकावर बसवतात आणि सगळ्यांच्या पिशव्या, चपला, चष्मे, मोबाइल त्यांच्या स्वाधीन करतात. आजींना लॉकर समजू नये. भाडे देऊन लॉकर घ्यावा आणि त्यांना वातानुकूलित सभागृहातील बसून पाहायच्या खेळांना न्यावे. त्यासाठी एक पातळ शाल मात्र सॅकमध्ये हवी, कारण उन्हातून एकदम थंड सभागृहात गेले की वयस्कर माणसाला हुडहुडी भरते. घरातील दागिने घरीच राहू द्यावेत. मंगळसूत्र काढायचे नसेल तर लहान, आखूड असे घालावे आणि ओढणीऐवजी शिवलेला कुर्ता वापरावा. लोंबणारे काहीही खेळांच्या ठिकाणी काढायला लावतात. चष्मा असणाऱ्यांनी मागे बांधायची दोरी आठवणीने न्यावी.

निघण्यापूर्वी घरी एक काम अवश्य करावे. मुलांना अनवाणी भिंतीला उभे करून टेपने उंची मोजावी आणि कोणत्या खेळाला किती सेंटिमीटर उंची लागते ते पार्कच्या संकेतस्थळावर पाहून मुलांना आधीच सांगून टाकावे. धाकट्याला रांगेत तासभर उभे करून पट्टीपाशी परत पाठवले, की त्याच्याइतकेच मोठ्यांचेही तोंड उतरते. गर्दीत चुकामूक झाली तर उपयोगी पडावा म्हणून त्याच्या खिशात आपला मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि तोच क्रमांक बॉलपेनने मनगटावरही लिहावा, कारण चिठ्ठी भिजते. सकाळी गाडीतून उतरताच दोघांचा एक फोटो काढून ठेवावा; त्या दिवशी मुलाच्या अंगात नेमका कोणता शर्ट होता, हे घाबरलेल्या आईला हमखास आठवत नाही.

परतताना ओले आणि मळके कपडे मुक्कामाच्या बॅगेत मिसळू नयेत. झिपच्या पिशव्या त्यासाठीच आहेत. खोलीवर पोहोचताच त्या उघडून कपडे पंख्याखाली पसरावेत. मेच्या अखेरीस वळवाची सर आलीच तर छत्र्यांपेक्षा पातळ रेनकोट बरे. छत्री घेऊन रांगेत उभे राहिले, की मागच्याच्या डोळ्यांत काडी जाते.

प्रश्न : आमचा मुलगा समुद्रात सुती हाफ पँटवर पोहतो. वॉटर पार्कसाठी नायलॉनचेच कपडे हवेत, असे ऐकले. एका दिवसासाठी हा खर्च करावा का?
एक पालक, दापोली

उत्तर : करावा, कारण सुती कपड्यांत बहुतेक वॉटर पार्क पाण्यात उतरूच देत नाहीत. सुती कापड पाणी शोषून जड होते, त्याचे धागे सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत अडकतात. जीन्सच्या बटणांनी आणि झिपांनी घसरगुंडीला ओरखडे पडतात, तेव्हा त्याही वर्ज्य. दापोलीच्या किनाऱ्यावर वाळूला किंवा लाटेला या कशाचेच काही वाटत नाही, म्हणून आपल्या मुलांना हा नियम विचित्र वाटतो. पार्कात पोशाख भाड्याने मिळतात, पण माझे मत विचाराल तर अंगाला लागून असणारा कपडा स्वतःचा असावा. मुलाला नायलॉनचा टी-शर्ट आणि अर्धी विजार, महिलांना नायलॉनचा लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि पूर्ण लांबीची लेगिंग. हे कपडे पुढे समुद्रावरही वापरता येतात आणि पटकन वाळतात. घरी आल्यावर मात्र ते लगेच साध्या पाण्यात खळबळून काढावेत, कारण क्लोरीनने कापड विटते. चांदीची जोडवी आणि पैंजणही त्या पाण्यात काळवंडतात, तेव्हा ती काढून जावे.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह असून ते इन्शुलीन घेतात. दिवसभर पार्कात असताना ते कोठे ठेवावे? खाणे तर आत नेऊ देत नाहीत.
एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचे मूळ खोके बरोबर ठेवावे व प्रवेशद्वारावर स्वतःहून दाखवावे. इन्शुलीन उन्हातल्या बंद गाडीत कधीही ठेवू नये. थंड ठेवण्याच्या छोट्या पिशवीत ठेवताना ते बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटू देऊ नये, मध्ये कापडाची घडी असावी, कारण एकदा गोठलेले इन्शुलीन निकामी होते आणि ते वितळल्यावरही वापरता येत नाही. साखर अचानक उतरल्यास लागणारी खडीसाखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या वडिलांच्या स्वतःच्या खिशात असाव्यात. त्या सॅकमध्ये असतील आणि सॅक लॉकरमध्ये, तर ऐन वेळी त्यांचा उपयोग नाही. रांगेत उभे राहण्यापूर्वी त्यांच्या जेवणाची वेळ पाहावी.

प्रश्न : आम्ही चौघे जूनच्या पहिल्या आठवड्यात कुडाळहून रात्रीच्या रेल्वेने पनवेलला उतरून पुढे जाणार आहोत. रेल्वेत सामान किती चालते?
एक वाचक, कुडाळ

उत्तर : शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, पण आपल्याला त्याच्या निम्मेही लागू नये. तो आठवडा चाकरमान्यांच्या परतीचा असतो. प्रत्येक आसनाखाली आंब्याच्या पेट्या आणि फणस आधीच विराजमान झालेले असतात, त्यामुळे आसनाखाली सरकतील अशा मऊ, बुटक्या बॅगा घ्याव्यात, कडक कवचाच्या नकोत. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, ते त्याच सकाळी करावे. पनवेलला गाडी थोडीच मिनिटे थांबते आणि तेव्हा बहुधा पहाटेचा अंधार असतो. म्हणून मुलांनी पार्कात घालायच्या कपड्यांतच रात्री झोपावे, पांघरूण म्हणून एक पातळ चादर एवढेच बाहेर काढावे आणि बाकी बॅगा रात्री उघडूच नयेत. रोहा मागे पडले, की मुलांच्या पायांत बूट चढवून त्यांना दाराच्या बाजूला आणून बसवावे.