तलावाचे पाणी पाहायला कोणता सूक्ष्मदर्शक घ्यावा?

पाषाण तलावाच्या पाण्यातील जीव पाहण्यासाठी मुलीला सूक्ष्मदर्शक घ्यायचा आहे, दुकानदार २००० पट वर्धनाचा सुचवतो आहे, आणि त्यातून जिवाणू व विषाणूही दिसतील का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि माझे मत स्पष्ट आहे: वर्धनाच्या आकड्यावरून सूक्ष्मदर्शक निवडू नये.

लगतचे दोन बिंदू वेगळे दिसणे हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि वस्तुभिंग (नमुन्याजवळचे भिंग) किती रुंद कोनातले किरण गोळा करते यावर अवलंबून असते, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडले. १०० पटींचे उत्तम वस्तुभिंग वापरले तरी ही मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर राहते, आणि तेवढ्यासाठीही काचपट्टी व भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब लागतो. कारण काचेतून हवेत शिरताना जे तिरपे किरण निसटून जातात, ते जवळजवळ काचेइतकाच अपवर्तनांक असलेल्या तेलामुळे भिंगापर्यंत पोचतात. एकूण वर्धन म्हणजे वस्तुभिंग आणि नेत्रभिंग (डोळ्याजवळचे भिंग) यांच्या पटींचा गुणाकार; १० पटींच्या नेत्रभिंगाऐवजी २० पटींचे लावून १००० चे २००० केले, तर चित्र मोठे होते, पण नवा तपशील एकही मिळत नाही.

पॅरामिशियम हा एकपेशीय जीव सुमारे ०.२ मिलिमीटर लांब असतो, त्याला १०० पट वर्धन पुरते. डायटम या सूक्ष्म शैवालाच्या कवचावरची नक्षी ४०० पटींना सुरेख दिसते. डॅफ्निया (पाण्यातला इवलासा कवचधारी जीव) किंवा डासांच्या अळ्यांसाठी मात्र स्टिरिओ सूक्ष्मदर्शक चांगला, कारण दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा मिळून खोली जाणवते.

जिवाणू रंगवून १००० पटींना दिसतात. जिवंत, न रंगवलेली पेशी मात्र पारदर्शक असते. तिच्यातून जाणारा प्रकाश मंद होत नाही, फक्त किंचित मागे पडतो, आणि तो फरक डोळ्याला कळत नाही. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक त्याचे रूपांतर उजेड-अंधारात करतो. या युक्तीसाठी फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि माझ्या मते ते सर्वस्वी योग्य होते. क्षयरोगाच्या थुंकी-तपासणीत ऑरामाइन हा चमकणारा रंग वापरला, की कमी वर्धनातच काळ्या पार्श्वभूमीवर जंतू उठून दिसतात आणि काचपट्टी लवकर तपासून होते; हे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाचे, म्हणजे रंगाची अशी चमक दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचे काम.

विषाणू आपल्याला घरी दिसणार नाहीत. करोना विषाणू सुमारे ०.१ मायक्रोमीटरचा असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये त्याचे छायाचित्र घेतले, ते पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, ज्यात निर्वातात इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यातून आरपार जातो. पृष्ठभागाची ठेवण पाहायची असेल, तर क्रमवीक्षी (स्कॅनिंग) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात. नेहमीच्या पद्धतीत या दोन्हींसाठी नमुना कोरडा करावा लागतो, त्यामुळे त्यांत सजीव हालचाल पाहता येत नाही.

आपण ४, १० आणि ४० पटींची वस्तुभिंगे आणि प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी उघडझाप करता येणारा आयरिस पडदा असलेला संयुक्त (वस्तुभिंग व नेत्रभिंग असलेला नेहमीचा) सूक्ष्मदर्शक घ्यावा. पाण्याचा थेंब पाहताना तो पडदा थोडा मिटवायला मुलीस सांगावे. पूर्ण उघडा ठेवला, तर पारदर्शक जीव लख्ख प्रकाशात हरवून जातात.