पुण्यातला हिवाळा: आधी टेकडी, मग कवडी, भिगवण नंतर

तुमचा प्रश्न असा: राहायला कोथरूडला, दुर्बीण नवी (10×50), मोकळी फक्त रविवारची सकाळ, बरोबर नऊ वर्षांची लेक. मग पहिल्याच रविवारी फ्लेमिंगो बघायला भिगवण गाठावं का?

माझं मत विचाराल तर नको. भिगवण शंभर किलोमीटरवर आहे, आणि उजनी धरणाच्या पाण्यावर हजारो पक्षी एकदम समोर आले की नवख्या डोळ्याला त्यातला एकही धड दिसत नाही. जानेवारीच्या शेवटी जा. तोवरचे रविवार वेताळ टेकडीला द्या. ती तुमच्या घरामागेच आहे, आणि दर आठवड्याला त्याच वाटेने गेल्याशिवाय हिवाळा कळत नाही.

इथलेच पक्षी ओळखीचे झाले की हिवाळ्यापुरता बाहेरून येणारा पाहुणा आपोआप उठून दिसतो. कोतवाल घ्या. तारेवर, उघड्या माळावर बसणारा काळा कुळकुळीत कोतवाल बारा महिने इथलाच. पण झाडीत शेंड्याजवळ बसलेला, जरा राखाडी झाक असलेला, लालभडक डोळ्यांचा दिसला तर तो राखी कोतवाल, थंडीपुरता आलेला. काळा आधी पन्नास वेळा पाहिला असेल तरच हा फरक डोळ्यांत भरतो.

लेकीला पहिल्यांदा थिरथिरा दाखवा. नर काळा, पोट विटकरी; मादी मातकट. दगडावर, कुंपणाच्या भिंतीवर, कधी सोसायटीच्या गच्चीवरही बसतो आणि शेपटी सारखी थरथरवत राहतो. त्यावरूनच हे नाव पडलं. हिमालय आणि मध्य आशियाच्या थंड उंचीवर घरटं करणारा हा पक्षी ऑक्टोबरपासून आपल्याकडे असतो. मुलांना तो एकदा दाखवला की परत चुकत नाही. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडीत 'टर्रर्र' असा कोरडा आवाज आला तर थांबा. शेपटी उभी करून बसलेला लाल छातीचा माशीमार असेल. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसलं की खात्री धरा. वटवट्यांच्या (वॉर्ब्लरच्या) जाती मात्र पहिल्या वर्षी वेगळ्या करत बसू नका. 'वटवट्या' एवढं लिहून पुढे चला.

अंधारात उठायची गरज नाही. थंडीत शेंड्यांना ऊन लागल्यावर किडे हलतात आणि त्यांच्यामागे माशीमार बाहेर पडतात. सात ते साडेनऊ पुष्कळ झालं.

तीन-चार रविवार झाले की कवडी पाट. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे नदीवर उतरायचं. मुळा-मुठेचं पाणी तिथे घाण आहे, फेस असतो, वास येतो. हे मला दरवर्षी तितकंच टोचतं. तरीही पक्षी येतात. अलीकडच्या काठावर उभं राहिलात की हिवाळ्यातलं सकाळचं ऊन पाठीकडून येतं आणि रंग खरे दिसतात. नारिंगी-बदामी, जोडीने फिरणारे ते चक्रवाक; लडाख-तिबेटकडे वीण करणारे. चमच्यासारख्या रुंद चोचीने पाणी गाळत फिरतो तो थापट्या बदक, हाही पाहुणा. चोच बुडाशी लाल आणि टोकाला पिवळी असेल तर ते हळदी-कुंकू बदक, आपलं घरचं. लांब लाल पायांचा शेकाट्याही घरचाच.

खरी मजा धोबी पक्ष्यांत आहे. पांढरी भुवई असलेला मोठा काळा-पांढरा धोबी इथला रहिवासी. पांढरा, पिवळा आणि करडा हे तिघे पाहुणे. चौघांनाही एकाच चिखलात शेपटी हलवताना पाहायला मिळालं तर त्या दिवशी आणखी काही शोधू नका, तिथेच बसा.

दुर्बिणीबद्दल. 10×50 (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 50 मिमीचं) जड पडते, आणि दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट दिसतो. कोपर छातीला टेकवा किंवा झाडाला टेका. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, हे आधी गच्चीवर कावळ्यांवर घोटून घ्या. पुढे कधी दुसरी घेतलीत तर 8×42 घ्या. ती हलकी असते आणि तिच्यात जास्त परिसर मावतो, त्यामुळे पक्षी लवकर सापडतो.

एक कळकळीची विनंती. मोबाईलवर पक्ष्याची साद वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. सिंहगडाच्या दरीत तर मुळीच नको. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाने दिवसभर खायचं, की नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरायचं? फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

नोंदी मात्र ठेवा, वहीत किंवा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर: तारीख, वेळ, जागा, किती दिसले. फेब्रुवारीत गिरिपुष्प फुलतं, पळस-पांगाऱ्यावर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे उतरतात, आणि सगळं लक्ष तिकडे जातं. त्याच सुमारास थिरथिरे निघायला लागतात, मार्च-एप्रिलपर्यंत दिसेनासे होतात. येणारा पक्षी सगळ्यांच्या लक्षात राहतो, जाणारा राहत नाही. शेवटचा थिरथिरा कधी दिसला, ती तारीख लेकीला तिच्या अक्षरात लिहायला सांगा. ऑक्टोबरमध्ये ती वही घेऊनच टेकडीवर जा.