तीन वर्षांचा प्रीमियम आताच भरावा का?

सप्रेम नमस्कार.

आपले वय ६२, पत्नीचे ५८ आणि दोघांची मिळून ५ लाखांची फॅमिली फ्लोटर आरोग्य विमा पॉलिसी. गेल्या वर्षी मूळ प्रीमियम ३८,००० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी असे ४४,८४० रुपये आपण भरलेत. आता हा जीएसटी माफ झाला आहे आणि यंदा नूतनीकरणाची सूचना ४१,५०० रुपयांची आली आहे. महसूल बुडाल्याने नाराज झालेली राज्ये हा कर परत आणवतील, या धास्तीने मुदत संपत आलेल्या ठेवीतून तीन वर्षांचा प्रीमियम, १० टक्के सूट धरून १,१२,०५० रुपये, आताच भरावा का, असा आपला प्रश्न आहे.

आधी धास्तीचे पाहू. जुलै २०२४मध्ये नितीन गडकरी यांनी नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, ऑगस्टमध्ये ममता बॅनर्जी यांनीही हा कर लोकविरोधी असल्याचे कळवले आणि संसदेच्या आवारात विरोधकांनी निदर्शने केली. गंमत अशी की १८ टक्क्यांतील ९ टक्के राज्य जीएसटीच होता; म्हणजे राज्ये ज्या कराला विरोध करत होती, त्याचा मोठा वाटा त्यांच्याच तिजोरीत पडत होता. आरोग्य विम्यावरील या कराने २०२३-२४मध्ये सुमारे ८,२६३ कोटी रुपये दिले होते. त्यामुळेच २०२५मध्ये सवलत ठरत असताना विरोधी पक्षांच्या आठ राज्यांनी दरकपातीतून होणाऱ्या एकूण तुटीची पाच वर्षे भरपाई मागितली. तरीही जीएसटी परिषदेच्या, म्हणजे या कराचे दर ठरवणाऱ्या केंद्र व राज्यांच्या मंत्र्यांच्या मंडळाच्या, ३ सप्टेंबर २०२५च्या बैठकीत वैयक्तिक पॉलिसींवरील कर शून्य झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. तो परत आणायचा तर जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश भारित मते लागतील. केंद्राकडे एक तृतीयांश मते असल्याने सारी राज्ये एकवटली तरी केंद्राविना ते जमणारे नाही, आणि केंद्राला एकट्याने काहीच करता येत नाही. नजीकच्या काळात असे घडेल, असे मला वाटत नाही.

करमाफीचे ६,८४० रुपये वाचायला हवे होते, वाचले मात्र ३,३४०, ही आपली तक्रार रास्त आहे. कर गेला तशी कंपन्यांना त्यांच्या खर्चावरील कराची वजावटही मिळेनाशी झाली आणि तो बोजा काही प्रमाणात मूळ प्रीमियममध्ये येऊ शकतो. वय आणि उपचारांची महागाई यांचा वाटा त्यात किती, हे सूचनेवरून कळत नाही. आपली वाढ ९.२ टक्के आहे. ज्येष्ठांसाठी वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्याआधी कंपनीला विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, त्या मर्यादेच्या ती जेमतेम आत बसते.

निव्वळ हिशेबात तीन वर्षांचा पर्याय सरस आहे. जादा भरावे लागणारे ७०,५५० रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवून त्यातून पुढचे दोन प्रीमियम भरले, तर दर न वाढताही शेवटी सुमारे ५,७०० रुपये कमी पडतील. दर वर्षी ९ टक्के वाढ झाली, तर सुमारे १७,५००. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर आरोग्य विम्याच्या प्रीमियमवर मिळणारी ८०डी कलमाची वजावट मात्र तीन वर्षांत विभागून मिळेल.

आणि तरीही मी आपल्याला एकाच वर्षाचे पैसे भरायला सांगेन, कारण पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिलेली गोष्ट या साऱ्या हिशेबापेक्षा मोठी आहे. पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असताना ७,००० रुपयांची खोली घेतली गेली. त्यामुळे खोलीच्या दर्जाशी निगडित १,६१,००० रुपयांच्या खर्चातून त्याच प्रमाणात, म्हणजे ४६,००० रुपये, कापले गेले. ज्या पॉलिसीत हे कलम आहे, तिच्यात स्वतःला तीन वर्षे अडकवून १७,५०० रुपये वाचवण्यात मला शहाणपण दिसत नाही, कारण पोर्टिंग, म्हणजे जमा झालेल्या लाभांसह दुसऱ्या कंपनीकडे जाणे, नूतनीकरणाच्या वेळीच करता येते. मुदत न सुरू झालेल्या वर्षांचा प्रीमियम रद्द करून परत मिळू शकतो हे खरे, पण तो खटाटोप हवा कशाला?

तेव्हा यंदा ४१,५०० रुपये मुदतीत भरावेत. पुढील नूतनीकरणाच्या ४५ ते ६० दिवस आधी खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसीसाठी पोर्टिंगचा अर्ज करावा. प्रतीक्षाकाळाचे (ठरावीक आजारांवर सुरुवातीला दावा न मिळण्याच्या काळाचे) जमा झालेले लाभ जुन्या विमारकमेपुरते कायम राहतात. नवी कंपनी या वयात नकारही देऊ शकते. तसे झाले, तर तेव्हा तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरावा आणि खोली मर्यादेतच घ्यावी. ठेवीचे पैसे तोवर वर्षभराच्या मुदतीने ठेवावेत. अर्जात गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि आपली सध्याची औषधे यांचा उल्लेख मात्र टाळू नये.