गव्हावर पॉलिअमाइन फवारावं का?

इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर आणि सांवेर भागातल्या शेतकऱ्यांचा प्रश्न आहे: फेब्रुवारीत ऊन चढलं की दाणा भरायच्या आत गहू पिवळा पडतो. दुकानात पॉलिअमाइनची बाटली मिळते, ती फवारावी का?

माझं म्हणणं, त्यावर पैसे घालू नका.

पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन ही पॉलिअमाइनं, म्हणजे नत्र असलेली लहान संयुगं, गहू स्वतःच तयार करतो. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो, म्हणून ती पेशीच्या पडद्याला आणि डीएनएला धरून राहतात व ताणात त्यांना सावरतात. शिवाय स्पर्मिडिन बनायला एस-ॲडेनोसिल मिथिओनिन हा जो कच्चा माल लागतो, त्याच्यापासूनच पान पिकवणारं इथिलीनही बनतं. त्यामुळे पॉलिअमाइन वाढलं तर पान जास्त दिवस हिरवं राहील, हा विचार चुकीचा नाही. कुंड्यांमधल्या प्रयोगांत तसा फायदा दिसलाही आहे.

पण पॉलिअमाइन वाढलं म्हणजे पीक सुखात आहे, असं समजू नका. रिचर्ड्स आणि कोलमन यांनी १९५२ मध्ये दाखवलं, की पालाशची (पोटॅशियमची) उपासमार झालेल्या जवात पुट्रेसिन साचतं. तिथे ते पिकाच्या हलाखीची खूण असतं. शिवाय पॉलिअमाइन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते थोडं असेल तर पेशीला इशारा मिळतो, जास्त झालं तर पेशीच होरपळते. म्हणजे मात्रा आणि पिकाची अवस्था, दोन्ही अचूक साधायला हव्यात. शेतात ते अवघड आहे.

आता करायचं काय? दाणा चिकात असताना जमीन कोरडी पडू देऊ नका. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडल्या की मुळं तुटतात. वारा पडल्यावर, संध्याकाळी हलकं पाणी द्या. वाऱ्यात दिलंत तर गहू लोळेल. ऊन अचानक वाढलं तर एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) मिसळून फुलोऱ्यानंतर फवारा, तेही उन्हात नको. आता युरिया टाकू नका, त्याची वेळ गेली. जमिनीतून पालाश द्यायचं का, हे माती परीक्षण बघूनच ठरवा. माळव्याच्या काळ्या मातीत तो बहुधा पुरेसा असतो.

खरा इलाज पेरणीत आहे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकली तर दाणा कडक उन्हाच्या आधी भरतो. सोयाबीन निघायला उशीर झालाच, तर उशिराच्या पेरणीसाठी इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राचा एचआय १६३४, म्हणजे पूसा अहिल्या, पेरा.

बाटली आधीच घेतली असेल तर पक्कं बिल जपून ठेवा. अशी जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाला चालना देणारी उत्पादनं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, म्हणून लेबलावर गहू हे पीक आणि मात्रा लिहिली आहे का, ते पाहा. फवारलंत तर एक पट्टा तसाच सोडा आणि दोन्हीकडचा गहू वेगळा मोजा.