बाटलीत नेमकं काय भरलंय?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, जन्मभर विडी. फुफ्फुसात गाठ दिसली म्हणून सीटी करून सुईने तुकडा काढला आणि बाटली आमच्याच हातात दिली, लॅबला पोचवा म्हणाले. आम्ही थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून दुसऱ्या दिवशी नेली. रिपोर्ट आला, 'सॅम्पल अपुरं'. आता परत सुई लावायची म्हणतात. बर्फ कमी पडला का? आणि वाडीतले म्हणतात सुईने गाठ पसरते. - वाचक, देवगड तालुका

उत्तर : दादा, बर्फ लागतच नाही हो. बांगडा बर्फावर टिकतो, पण तपासणीचा तुकडा टिकतो फॉर्मॅलिनमध्ये, १० टक्केवाल्या, तुकड्याच्या निदान दहापट. खारवण्यासारखंच समजा, मुरायला किमान ६ तास लागतात, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त त्यात ठेवू नये. तुमच्या बाटलीत नुसतं सलाईन असेल तर तुकडा वाटेतच खराब होतो, पण दोन्ही दिसायला पाण्यासारखीच, म्हणून देणाऱ्याला विचारायचं (हुंगून बघू नका, डोळे झोंबतील). टीबीच्या तपासणीला मात्र वेगळा तुकडा सलाईनमध्येच जातो, फॉर्मॅलिनने जंतू मरतात, त्यामुळे बाटल्यांची अदलाबदल झाली की दोन्हीकडे घोळ. तसा दोष बाटलीचाच असेल असंही नाही, कधी सुईत नुसतं रक्त किंवा गाठीचा मेलेला भाग येतो.

तुकडा म्हणजे तुटलेल्या शेवईएवढा. तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून ३-४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढतात, त्यातच कॅन्सर आहे का, कुठल्या प्रकारचा, मग ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ (कुठलं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या तपासण्या), सगळं भागवायचं असतं. म्हणून या वेळी दोन-चार तुकडे घेतले तर घाबरू नका.

सुईने पसरणं फार म्हणजे फारच दुर्मिळ. खरी भीती फुफ्फुसाभोवती हवा साठण्याची आणि रक्तस्रावाची, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा आणि सुईनंतर थोडा वेळ थांबवून ठेवलं तर घरी जायची घाई करू नका.

पुढे परळला टाटाला जायची वेळ आली तर स्लाइड (काप लावलेल्या काचा) आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या, पण उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. आणि बाटलीवर नाव, कुठल्या बाजूचं फुफ्फुस, काढल्याची वेळ लिहिलीय का बघा, झाकणावर नको, बाटलीवरच, लॅबमध्ये झाकणं बदलतात.