मास्कमध्ये पाणी शिरलं की धीर सुटतो

प्रश्न : ताई, मी अशोक चौकात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वय ४६. मे महिन्यात लेकीच्या हट्टापायी तारकर्लीला स्कूबा केलं. खाली जाऊन दोन मिनिटं झाली नसतील, तोच मास्कमध्ये पाणी आलं. नाकाला लागलं आणि माझा धीरच सुटला. अंगठा वर करून दाखवला, त्यांनी वर काढलं. लेक मात्र निवांत मासे बघून आली आणि आता सगळ्या पाहुण्यांना सांगते, "पप्पा पळून आले." मी लहानपणी विहिरीत पोहायला शिकलोय, मग असं का झालं? आत शिरलेलं पाणी खालच्या खालीच काढता येतं म्हणतात, ते कसं? दिवाळीनंतर परत जायचं ठरतंय. मास्क घातलेला फोटो सोबत पाठवतोय.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, लेकीला आधी एवढं सांगा की स्कूबामध्ये अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. तुम्ही ती खूण केलीत आणि इन्स्ट्रक्टरबरोबर वर आलात. याला पळणं म्हणत नाहीत. श्वास रोखून एकटेच वर झेपावला असतात, तर मात्र मी रागावले असते. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथं घेतलेला श्वास कोंडून वर आलं, तर तीच हवा छातीत फुगते आणि फुप्फुसाला इजा करते.

आता विहिरीचं. तिथं शिकलेल्यांनाच हा त्रास जास्त होतो, असं मी बघत आलेय. मुटका मारताना आपण काय करतो? नाक चिमटीत धरतो, श्वास कोंडतो. बुडी म्हणजे श्वास बंद, हे अंगात इतकं मुरलेलं असतं, की नाकाला पाणी लागताच शरीर सगळी दारं लावून घेतं. स्कूबात तोंडातल्या रेग्युलेटरनं, म्हणजे टाकीतली हवा देणाऱ्या तोंडातल्या यंत्रानं, श्वास चालूच ठेवायचा असतो. मास्क पाण्यानं काठोकाठ भरला, तरी तोंडानं हवा मिळतच असते. तुम्ही बुडत नव्हता, फक्त नाक ओलं झालं होतं.

पाणी काढायची रीत अशी. दोन बोटांनी मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरायची. तोंडानं श्वास घ्यायचा आणि नाकानं सावकाश सोडायचा. हवा सुटायला लागली, की मग मान किंचित वर. आधीच वर बघितलंत तर पाणी सरळ नाकात. हवा हलकी, ती मास्कमध्ये वर साठते आणि पाण्याला खालच्या कडेतून बाहेर ढकलते. शेंबूड शिंकरल्यासारखा झटका नको. ओठ मिटून 'हंऽऽ' असं गुणगुणलं की हवा आपोआप नाकानंच जाते. एका श्वासात नाही रिकामा झाला, तर पुन्हा एकदा.

मी शिकताना नेमकी खालची कड दाबली होती. हवा कपाळाकडून निसटली, पाणी जिथल्या तिथं. तीन श्वास वाया घालवले, डोळे चुरचुरले, आणि माझ्या सरांनी पाण्याखालीच कपाळाला हात लावला. त्यांना जागा दाखवायची होती म्हणे. मला अजून तसं वाटत नाही!

तुमच्या फोटोत मात्र अर्धं उत्तर दिसतंय. मास्कची सिलिकॉनची झालर थेट मिशीवर टेकलीय. केसांतून पाणी झिरपणारच. अख्खी मिशी काढू नका, घरात कोणी ओळखणार नाही. नाकाखाली झालर बसते तेवढी बारीक पट्टी साफ करा. शिवाय तुम्ही हसताय. हसलं की गालाला घडी पडते, तिथूनही पाणी येतं. आणि पट्टा करकचून आवळलाय. त्यानं झालर वाकडी होते आणि जास्तच गळते. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा.

दिवाळीपर्यंत घरी सराव करा. स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, आणा, मोठ्या टबात पाणी घ्या, मास्क न लावता चेहरा बुडवून तोंडानं श्वास घेत राहा. नाक उघडं, पाण्यात. पहिले काही श्वास नको वाटेल, मग सवय होते. कुणाला तरी शेजारी बसवा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टबभर पाणी तोंड बुडवायला घेतलंत की काय ऐकावं लागेल ते मला माहीत आहे. तेच पाणी नंतर झाडांना घाला. हे जमलं, की पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात उभं राहून मास्क मुद्दाम थोडा भरायचा आणि रिकामा करायचा.

तिथं गेल्यावर बोटीवरच इन्स्ट्रक्टरला मागच्या वेळचं सांगा आणि खोल जाण्याआधी त्याच्यासमोर एकदा मास्क रिकामा करून दाखवा. खाली पाणी शिरलंच, तर लगेच अंगठा नको. तळहात आडवा धरून डुगडुगवा, मग मास्ककडे बोट. तो थांबेल, तुम्हाला धरेल, आणि तुम्ही 'हंऽऽ' करा.