वेब एजन्सीतील प्रोग्रामरचे काम कसे असते आणि ते कोणत्या स्वभावाला मानवते?

काही वर्षे एकाच सॉफ्टवेअर उत्पादनावर काम केल्यानंतर आता वेब एजन्सीत, म्हणजे निरनिराळ्या ग्राहकांसाठी वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत, जावे का, आणि तिथले काम कोणत्या स्वभावाच्या माणसाला मानवते, असे आपण विचारले आहे. मी दीर्घकाळ एजन्सीत प्रोग्रामर म्हणून काम करत आहे. कोड लिहिण्याचे कौशल्य दोन्हीकडे जवळपास सारखेच लागते. एजन्सीत मात्र कोणत्या कामात किती खोल शिरायचे आणि कुठे थांबायचे, हे दिवसातून अनेकदा ठरवावे लागते, आणि हे ठरवण्यात ज्याला रस वाटतो त्यालाच हे काम रुचते, असे माझे मत आहे.

याचे मूळ व्यवहारात आहे. एजन्सी वेळ विकते. ठरीव रकमेचे काम असो वा तासांवर आकारलेले, आपला प्रत्येक तास कोणत्या तरी ग्राहकाच्या खात्यावर टाइमशीटमध्ये लिहिला जातो. सकाळी एका ग्राहकाच्या नव्या साइटची मांडणी, दुपारी दुसऱ्याचा बंद पडलेला संपर्क फॉर्म, संध्याकाळी तिसऱ्याच्या साइटचे स्थलांतर, असा दिवस नेहमीचाच असतो. एका कामातून दुसऱ्यात जाताना मनातला धागा तुटतो आणि तो पुन्हा जुळायला वेळ लागतो. म्हणून काम बाजूला ठेवण्यापूर्वी पुढची पायरी काय आहे, हे दोन ओळींत लिहून ठेवण्याची सवय इथे फार मोलाची ठरते.

यातील बरेचसे काम दुसऱ्याने लिहिलेल्या कोडवर होते. २००३ मध्ये आलेली वर्डप्रेस ही वेबसाइट बनवण्याची व चालवण्याची प्रणाली आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइटांमागे आहे, आणि एजन्सीकडे अशी कितीतरी वर्षांची साइट येते की जिच्यातील एखाद्या प्लगिनच्या (साइटला जास्तीची सोय देणाऱ्या जोड-प्रोग्रामच्या) मूळ फाइलीतच कोणीतरी बदल करून ठेवलेले असतात. प्लगिन अद्ययावत केले की ते सारे बदल पुसले जातात, म्हणून ते कोणी अद्ययावत करत नाही, आणि त्यामुळे सर्व्हरवरील पीएचपीची (वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले आहे तिची) जुनी आवृत्तीही बदलता येत नाही. उत्पादनावर काम करणाऱ्याचा हात अशा वेळी सगळे नव्याने लिहायला शिवशिवतो. एजन्सीतील प्रोग्रामरने ते बदल वेगळे काढून त्यांचे स्वतंत्र लहान प्लगिन करावे, अद्ययावत करण्याची वाट मोकळी करावी आणि उरलेल्या कुरूप पण चालत्या भागाला हात लावू नये. आधीच्या प्रोग्रामरला नावे ठेवण्यातही अर्थ नसतो, कारण त्याच्यापाशी किती तास होते हे आपल्याला ठाऊक नसते.

सर्वात अवघड गोष्ट म्हणजे कामाचा अंदाज देणे. ग्राहक म्हणतो की कार्यक्रमांच्या यादीत शहरानुसार निवड करता आली पाहिजे, बदल छोटासाच आहे. शहर हे नोंदीत वेगळ्या रकान्यात साठवलेले असेल तर तो खरोखर छोटा असतो. पण ते पत्त्याच्या मजकुरातच लिहिलेले असेल, तर जुन्या सर्व नोंदींतून शहर वेगळे काढावे लागते, एकाच शहराची निरनिराळी लेखने एक करावी लागतात आणि नोंद भरण्याचा फॉर्मही बदलावा लागतो. हा फरक काम सुरू होण्यापूर्वी, ग्राहकाला समजेल अशा शब्दांत सांगणे हे प्रोग्रामरचेच काम आहे. ते व्यवस्थापकावर सोडले की आकडा चुकतो आणि त्याची भरपाई आपल्या रात्री करतात. पुष्कळदा आणखी एक प्रश्न विचारला की काम निम्म्याने कमी होते, कारण ग्राहकाला निवडीची सोय नको असते, जवळचे कार्यक्रम वर दिसले तरी पुरते.

मात्र काही बाबतींत तडजोड चालत नाही, आणि तिथे हट्टी माणूसच हवा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ (वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या प्रणालीची सातवी आवृत्ती) मधील एक अत्यंत गंभीर त्रुटी तिच्या दुरुस्तीसह जाहीर झाली. ज्या साइटी पहिल्या सात तासांत दुरुस्त झाल्या नाहीत त्या फोडल्या गेल्या असे धरूनच पुढची पावले उचलावीत, असे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने नंतर सांगितले. अनेक साइटी सांभाळणाऱ्या एजन्सीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की कोणती साइट कोणत्या आवृत्तीवर आहे, तिचा सर्व्हर कुठे आहे आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे, याची नोंदवही तयार नसेल तर ते सात तास शोधाशोधीतच जातात. ही नोंदवही, बॅकअप घेणे आणि तो परत बसतो की नाही हे तपासणे, ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. तरीही ती मनापासून करणाऱ्या सहकाऱ्यांविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो.

स्वभावाविषयी बोलायचे तर, ज्याला एकच गोष्ट वर्षानुवर्षे घासूनपुसून परिपूर्ण करण्यात आनंद मिळतो, त्याची इथे घुसमट होते. साइट सुरू झाली की बहुधा आपला तिच्याशी संबंध संपतो, आणि आपण लिहिलेला कोड हजारो वापरकर्त्यांच्या भाराखाली कसा टिकला, हे शिकण्याची संधी कमी मिळते. ही उणीव खरी आहे आणि ती मला आजही जाणवते. उलट ज्याला संस्था कशा चालतात याचे कुतूहल आहे, त्याला रुग्णालयातील भेटीच्या वेळा कशा ठरतात किंवा ग्रंथालयात पुस्तकांची मागणी कशी नोंदवली जाते, हे त्या कामातील माणसांकडून थेट समजून घेता येते, आणि ते मला अजूनही फार आवडते.

मुलाखतीला गेलात तर तीन गोष्टी अवश्य विचारा: ग्राहकाला किंमत सांगण्यापूर्वी प्रोग्रामरचा अंदाज घेतला जातो का, प्रत्येक साइटची चाचणीसाठी वेगळी प्रत असते का, आणि साइट सुरू झाल्यानंतरच्या दुरुस्त्यांसाठी स्वतंत्र वेळ राखलेला असतो का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर पगार चांगला असला तरी ती जागा स्वीकारू नये, असे मी सुचवेन.